बाबांची गोळी कोणती

२ जानेवारी

लिफ्ट कंपनी आम्हा दुरुस्तीवाल्यांना दर वर्षी एक डायरी देते आणि दर वर्षी ती बायको पळवते. यंदा मी पळवली, कारण आज जे झालं ते मोठ्याने बोलायची सोय नाही.

बाबांची रायफल आज मी पहिल्यांदा झाडली. शंभर मीटरवर कागद, टेबलावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर नळी टेकवलेली, मागे खुर्चीत मी. म्हणजे हात हलायचा प्रश्न नाही. पाच बार काढले. धूर निवळल्यावर चालत जाऊन बघतो तर कागदावर भोकं दोन. एक वरच्या कोपऱ्यात, एक पार खाली. मधला काळा गोल दुकानातून आणला तसाच्या तसा. बाकी तीन गोळ्या मागच्या मातीच्या ढिगात. मी त्या कागदापुढे किती वेळ खुळ्यासारखा उभा होतो देव जाणे.

हीच रायफल घेऊन बाबांनी क्लबाचा चषक अकरा वेळा जिंकला. ठासणीची आहे. दर बाराला नळीच्या तोंडातून दारू ओता, त्यावर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी बसवा, गजाने तळापर्यंत ठासा, मागे बार पेटवायची टोपी चढवा आणि मग चाप ओढा. एक बार म्हणजे एक स्वयंपाक. गजाच्या टोकाला तीन खाचा आहेत. बाबा पट्टे आणि बॅगा शिवायचे, हत्यारं स्वतः बनवायचे, आणि जे स्वतः बनवलं त्यावर कानशीने तीन खाचा मारायचे. आज ठासताना अंगठा बरोबर त्या खाचांवर बसला.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. आता चषकाला त्यांचं नाव देणार आहेत. पंधरा मार्चला कार्यक्रम. त्यांच्या रायफलीतून सुरुवातीचे पाच बार मी काढायचे, आणि आमच्या बैठकीत काचेखाली लावलेला त्यांचा सगळ्यात भारी कागद क्लबाच्या हॉलमध्ये कायमचा लागणार. त्या कागदाखाली उभं राहून मी माती उडवणार, अशी आजची अवस्था आहे.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जुनी झाली रे ती. कपाटात ठेव, शोभून दिसेल."

६ जानेवारी

बाबांचे मित्र दुसरे काका घरी आले. बाबा पहिले यायचे तेव्हा हे दुसरे, म्हणून क्लबात त्यांचं नावच दुसरे काका पडलं. त्यांच्या सायकलच्या दुकानावर कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते इकडेतिकडे बघतात. बाबांच्या आजारपणात रोज संध्याकाळी येऊन बसणारा हा एकच माणूस.

माझी रडकथा ऐकून ते हसले नाहीत. उलट डोळे चमकले. "नळी तीच, नेम धरायची माशी तीच, मग राहिलं काय? गोळी. तुझ्या बापाला मी विचारून विचारून दमलो, कोणती गोळी वापरतोस ते सांग. नुसता मान खाली घालून हसायचा."

मग आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर खड्ड्यात असायचा. तुम्हाला कधी दिसली नाही?"

आई क्लबात कागद बघायचं काम करते. मी शाळेत होतो तेव्हापासून. स्पर्धेच्या दिवशी कागदाखालच्या खड्ड्यात बसायचं, बार झाला की कागद खाली ओढायचा, भोक बघायचं, आणि काठीवरची तबकडी वर करून गोळी कुठे लागली, किती गुण पडले ते दाखवायचं. गोळी कागदाला लागलीच नाही तर लाल झेंडा हलवायचा. सरावाला मात्र खड्ड्यात कुणी नसतं, ज्याने त्याने चालत जायचं.

"मातीत गेल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात, भाऊजी," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. चहा आमच्या पुढ्यात आधीच होता.

काकांनी गोळ्या ओतायचे साचे भरलेला डबा माझ्या हवाली केला. आयुष्यभर जमवलेले. "एकेक करून बघ. मला मरायच्या आत कळू दे."

१४ जानेवारी

अंगणात शिसं वितळवून गोळ्या ओतल्या. बायको दारातून म्हणाली, "सासरे गेले आणि नवरा दारूच्या नादी लागला." तिला म्हटलं, ही पिण्यातली नाही. म्हणे, "वास तर तसाच येतोय."

आज दोन धक्के. पहिला, लांबट गोळ्या. मला वाटलं होतं जड गोळी सरळ जाईल. कागदावर जाऊन बघतो तर भोक गोल नाहीच, आडवं भगदाड. गोळी वाटेत कोलांट्या खात गेलेली. पोकळ बुडाची गोळी, तिचंही तेच. कागदात गुंडाळलेली गोळी तर कुठे गेली ते तिलाच माहीत. काका म्हणाले, ह्या नळीत आतून कोरलेले पीळ फार सावकाश फिरतात, लांब गोळीला पुरेशी गिरकीच मिळत नाही.

दुसरा धक्का चांगला. साधी गोल गोळी, पण पातळ चिंधीऐवजी जाड चादरीची चिंधी. पाचही कागदावर. जेवायच्या ताटाखाली झाकल्या जातील एवढ्यात. मी आणि काका हात धरून उभे होतो. लोकांनी बघितलं असेल, बघू दे.

चादर पाहुण्यांसाठीची होती हे घरी आल्यावर कळलं.

२२ जानेवारी

लिफ्ट बंद पडली की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, दोन बदलल्या की आपणच अडकतो. तसंच इथे. दारू थोडी कमी केली. चिंधीला तेलाऐवजी मेण आणि चरबी लावली. प्रत्येक बारानंतर नळी पुसली. आता पाचही गोळ्या चहाच्या बशीखाली येतात. वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, बसून. ह्याच्या पुढे काही केल्या जात नाही.

आणि बाबांच्या पाच गोळ्या कपाच्या तोंडात मावतात. उभं राहून, कशाला न टेकता. मी भिंतीवरून काच उतरवली आणि कप उलटा ठेवून बघितलं. मावतात.

काच काढलीच होती म्हणून कागद उजेडात धरला, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. माझ्या भोकांच्या कडा फाटक्या आहेत, आणि भोवती शिशाची करडी रिंग उमटलेली. बाबांच्या भोकांच्या कडा स्वच्छ कापलेल्या. रिंग नाहीच. कोरा कागद.

आई मागे येऊन उभी होती ते कळलंच नाही. "सपाट तोंडाची गोळी असेल," म्हणाली. मी थक्क झालो. जन्मात हिने गोळीबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

३० जानेवारी

आईचं म्हणणं निम्मं खरं निघालं. सपाट तोंडाच्या गोळीने कडा स्वच्छ कापल्या. पण रिंग आहे. स्पिरिटने पुसून कोरडी गोळी घातली, तरी रिंग आहे. आणि पाच गोळ्या पाच दिशांना.

काकांना बाबांचा कागद दाखवला. त्यांनी भिंग लावून इतका वेळ बघितला की मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "म्हणजे शिसं नव्हतंच." आणि डोळ्यांत पाणी आलं की त्यांच्या. "कुठला धातू शोधून काढला असेल रे ह्या माणसाने. आणि कधी बढाई नाही. मी उगाच नाही दुसरा."

भिंतीवरचे अकराच्या अकरा कागद आम्ही उतरवले. पहिल्या चार वर्षांच्या कागदांवर फाटक्या कडा, करडी रिंग, माझ्यासारखीच, फक्त जास्त जवळजवळ. पाचव्या वर्षी कडा फाटक्याच, पण रिंग गायब, आणि सहाव्यापासून सगळी स्वच्छ. म्हणजे शोध पाचव्या वर्षी लागला. आणि नेमकं त्याच वर्षी बाबांच्या डोळ्यांचं सुरू झालं होतं. पेपर वाचणं सुटलं, सुईत दोरा आई ओवून द्यायची, पुढे शिवणकामच बंद झालं. डोळे गेले तरी माणसाने गोळी शोधली. हे मी कार्यक्रमात बोलणार आहे.

आई जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

९ फेब्रुवारी

बायकोने तिच्या पर्सचा पट्टा पुढे केला, "लांब होतोय, एक भोक पाडून दे." बाबांची हत्यारांची गुंडाळी उघडली. भोकं पाडायचे पंच लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. शेवटचा कप्पा रिकामा.

चामड्यावर मारायच्या आधी बघावं म्हणून माझ्याच एका फुकट गेलेल्या कागदावर पंच ठेवून हातोडी मारली.

कड स्वच्छ. रिंग नाही.

आकार लहान आहे, पण कड तीच. मी तो रिकामा कप्पा बघत बसलो. त्याची शिवण ताणलेली होती. तिथे काहीतरी जाड, वर्षानुवर्षं राहिलेलं होतं. गोळीएवढं जाड.

बायको तीनदा म्हणाली, अरे पट्टा. 

१० फेब्रुवारी

कामावर एका म्हाताऱ्या बाईंना तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधून बाहेर काढलं. त्या मला म्हणाल्या, "घाबरू नका हं." माझा चेहराच तसा असणार.

बाबांनी असं केलं नसेल. ते तर शंभर मीटर लांब उभे असायचे. कागदाजवळ फक्त...

लिहवत नाही.

११ फेब्रुवारी

आईला विचारलं, शेवटच्या कप्प्यातला पंच कुठे आहे. तिने कुठला म्हणून विचारलं नाही. उठली, शिवणाच्या डब्यातून आणून माझ्या हातावर ठेवला. जड, लोखंडी नळीचा, धार अजून लख्ख. कागदावरच्या भोकात घालून बघितला. सैल नाही, घट्ट नाही.

मी खूप ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती ऐकून घेत होती. मी दमल्यावर म्हणाली, "झालं तुझं? आता बस."

पाचव्या वर्षी बाबा दिवसभर दुकान बंद करून भिंतीकडे तोंड करून बसायचे. हे मला ठाऊकच नव्हतं, मी तेव्हा बाहेरगावी नोकरीला होतो. स्पर्धेच्या सकाळी तिला म्हणाले, आज नाही लागली तर मी परत घराबाहेर पडणार नाही. "पाच बार झाले. पाचही मातीत गेले. पहिल्या बारालाच कागद खाली घेतला तर कोरा. तो कोरा कागद मी वर कसा चढवू, तूच सांग."

छत्रीच्या काडीने भोक पाडून तिने ते बोटाने मोठं केलं. पाचदा.

"आणि काका?" मी म्हटलं. "त्यांचं काय?"

"त्यांचाही कागद माझ्याच हातात असायचा. खरी भोकं असायची त्याला," आई म्हणाली. तेवढं बोलताना मात्र तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी पंच उलटसुलट करत होतो. मग अंगठ्याला लागलं. मुठीवर तीन खाचा.

हातातून पडलाच तो. "हा बाबांनी केलाय?"

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या सकाळी तिच्या डब्याच्या पिशवीत तो आपोआप आलेला होता. गोळीच्या मापाचा. बाबा दारात बूट घालत होते. वर न बघता म्हणाले, "डब्यात चमचा ठेवलाय बघ."

"एवढंच?"

"एवढंच. मग दर वर्षी विचारायचे, चमचा घेतलास का. मी म्हणायचे, घेतला. त्यापलीकडे एक शब्द नाही कधी. मरेपर्यंत नाही."

हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलं होतं. सुट्टीवर आलो की कानावर पडायचं. मला वाटायचं, बाबांना आईच्या जेवणाची किती काळजी.

१३ फेब्रुवारी

घरात मी बोलत नाही, आई बोलत नाही. बायको म्हणाली, "तुम्हा दोघांमध्ये मी निरोप्या म्हणून लागले का?" तिला सगळं सांगितलं. ती खाटेवर बसलीच. थोड्या वेळाने म्हणाली, "तू माझ्यासाठी एक खिळा ठोकला नाहीस कधी." ही बाई कुठलं कुठे नेईल सांगता येत नाही.

काकांचा फोन. "सापडली का?"

"नाही अजून," म्हटलं. माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मीच दचकलो.

१ मार्च

ठरवलं. कार्यक्रम होऊ द्यायचा, तोंड उघडायचं नाही. सांगितलं तर आईला लोक काय काय म्हणतील. नाही सांगितलं तर काका उरलेलं आयुष्य एका धातूच्या शोधात घालवतील. सारखा चिडतोय. बाबांवर चिडलो की लगेच ते भिंतीकडे तोंड करून बसलेले दिसतात, आणि धड चिडताही येत नाही.

आईला फक्त एक म्हटलं, खड्ड्यात दुसऱ्या कुणाला बसवू या. ती म्हणाली, "मीच बसणार."

१५ मार्च

सकाळी आईने डब्याच्या पिशवीत तो पंच ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत. मी बघतोय हे तिने बघितलं. मी बूट घालत होतो.

मैदानावर गर्दी. मी उभं राहून पहिला बार काढला. धूर. खड्ड्याकडे बघायची हिंमत होईना. तिने मला भर लोकांत दहापैकी दहा दिले तर मी काय करणार होतो? तबकडी वर आली. सहा. सुटलो. दुसरा बार, चार. तिसऱ्याला बराच वेळ काहीच वर येईना. मग लाल झेंडा आला, अगदी सावकाश, इकडून तिकडे, सगळ्यांना दिसेल असा. नुसती माती.

मला बरं वाटायला हवं होतं. आईने मला खोटं दिलं नाही. पण खरं सांगतो, त्या क्षणाला मला इतकं वाईट वाटलं. बाबांना सात वर्षं दिलं आणि मला एकदाही नाही. पन्नाशीला आलेला माणूस बंदूक हातात घेऊन असा रुसतो, हे मला माझंच खरं वाटेना.

चौथा सात. पाचवा पुन्हा झेंडा. लोकांनी दयेने टाळ्या वाजवल्या. मागे कुणीतरी म्हणालं, बापाची सर नाही.

भाषणं सुरू व्हायच्या आधी काका मांडवामागे कागदाच्या काचेवरची धूळ पुसत होते. बाबांबद्दल बोलायचं काम त्यांच्याकडेच होतं. आई खड्ड्यातून वर आली, गुडघ्यांना माती. सरळ त्यांच्याकडे गेली. मी धावलो, पण तोवर तिने पिशवीत हात घातला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही विचारायचा ना, कोणती गोळी. ही."

काकांनी पंच हातात घेतला. आधी हसले, काहीतरी गंमत आहे अशा थाटात. मग धारेवरून बोट फिरवलं. मग काचेखालच्या कागदाकडे बघितलं. मी माणसाचा चेहरा असा उतरताना कधी पाहिला नव्हता. खुर्ची चाचपत खाली बसले.

"सातही वर्षं?"

"सातही वर्षं. ते चषक तुमचे होते. मला क्षमा करा म्हणायला तोंड नाही."

मांडवातून माइक तपासल्याचा आवाज येत होता. मग काकांनी मान वर न करता विचारलं, "त्याला ठाऊक होतं?"

आई म्हणाली, "नाही." लगेच. एक पापणी हलली नाही. "शेवटपर्यंत त्यांना वाटलं, आपलीच नजर. सगळं माझं एकटीचं."

काका माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं? माहीत होतं त्याला?"

महिन्यापूर्वी मी ह्या घरात खरेपणावर भाषण झोडलं होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. पिशवीचे बंद बांधत होती.

"बाबांना कळलंच नाही, काका," मी म्हटलं. "त्यांना कळतं तर त्यांनी बंदूक मोडून टाकली असती."

काका पंच हातात धरून बसले. अंगठा मुठीवर मागेपुढे फिरवत होते. मग म्हणाले, "बरं." पंच कोटाच्या खिशात ठेवला, उठले, आणि मांडवात गेले.

मी मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकलं. बाबांच्या आजाराबद्दल बोलले. त्यांच्या शिवणीबद्दल, हातच्या कामाबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "आयुष्यभर मी त्याला विचारत होतो, तुझी गोळी कोणती. आज वहिनींनी मला ती दिली. आता माझी काही तक्रार नाही." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कागद हॉलमध्ये त्यांनीच स्वतःच्या हाताने लावला. उजवा हात खिशातून काढावा लागला, तेवढ्यापुरता काढला.

घरी येताना आई आणि मी गाडीत मागे बसलो होतो. ती म्हणाली, "तू का खोटं बोललास?" मी म्हटलं, "तू बोललीस म्हणून." तिने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं, निभावलं आपण. काकांना निदान मित्र तरी शिल्लक राहिला.

आता हे लिहायला बसायच्या आधी गज कपाटात ठेवला, तेव्हा अंगठा खाचांवर गेला.

पंचाच्या मुठीवर तीन खाचा आहेत. बाबा कशावर त्या मारायचे हे क्लबात सगळ्यांना माहीत आहे, काकांना तर सगळ्यांच्या आधीपासून. आणि त्यांचा अंगठा सगळा वेळ तिथेच होता.